जुने गोवे आणि पणजीसाठी मराठी ध्वनिमार्ग कसा तयार करावा

रविवारी सकाळी जुन्या गोव्यात उभे राहिले, की कोल्हापूर, सांगली, बेळगावकडून आलेल्या बसगाड्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे उतरताना दिसतात. बॉम जिझस बासिलिकेत सेंट फ्रान्सिस झेवियर यांची शवपेटी पाहून आणि समोरच्या से कॅथेड्रलवर एक नजर टाकून ही मंडळी तासाभरात मंगेशीच्या वाटेला लागतात. आपण ज्या हिरवळीवर बसून डबा खाल्ला, तिथे एके काळी राजधानीचे भर वस्तीचे शहर होते, ही गोष्ट त्यांना त्यांच्या भाषेत सांगणारे त्या वेळी जवळ कोणी नसते. ही उणीव आपल्यापैकी कोणालाही भरून काढता येईल, आणि ती भरून निघावी असे मला मनापासून वाटते, म्हणून हा लेख.

माणूस ठरावीक जागी पोहोचला, की त्याचा मोबाईल ती जागा ओळखतो आणि तिथली माहिती आपोआप बोलू लागतो. सोबत एखादे जुने छायाचित्र किंवा नकाशाही पडद्यावर येतो. अशा स्थानाधारित मार्गदर्शकाला मी पुढे सोयीसाठी ‘ध्वनिमार्ग’ म्हणणार आहे. तो तयार करायला प्रोग्रॅमिंग यावे लागत नाही, कारण आयझी ट्रॅव्हल किंवा व्हॉइसमॅप यांसारख्या सेवांमध्ये नकाशावर खुणा करून ध्वनिफिती चढवण्याची सोय आधीच केलेली आहे. मेहनत लागते ती चालण्याला, वाचण्याला आणि लिहिलेले पुन्हा पुन्हा खोडण्याला.

मोबाईलला जागा कशी कळते

कानाला यंत्र लावून ऐकत फिरण्याची कल्पना मोबाईलपेक्षा बरीच जुनी आहे. ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात १९५२ मध्ये रेडिओलहरींवरून असे निवेदन ऐकवले गेले. सगळ्यांना एकाच वेळी एकच निवेदन ऐकू येत असल्यामुळे सगळा घोळका एकदमच पुढच्या चित्राकडे सरकत असे. उघड्यावरच्या वाटांसाठी मात्र उपग्रहांची वाट पाहावी लागली. अमेरिकेने नागरी जीपीएस संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक २ मे २००० रोजी काढून टाकली, आणि त्यानंतर चालणाऱ्या माणसाची जागा काही मीटरांच्या फरकाने कळू लागली. इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात २००४ मध्ये क्वीन स्क्वेअर या चौकात १८३१ च्या दंगलीचे आवाज जागोजागी ‘पेरून’ ठेवण्यात आले होते. श्रोता चौकात जिथे जाईल तिथला आवाज त्याला ऐकू येई. आज आपण जे करणार आहोत, ते तत्त्वतः तेच आहे.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. किमान चार उपग्रहांचे संकेत मिळाले, की मोबाईल स्वतःची जागा स्वतः काढतो, आणि त्यासाठी इंटरनेट लागत नाही. नवख्या माणसाचा गोंधळ बहुधा इथेच होतो. इंटरनेट लागते ते नकाशा आणि ध्वनिफिती उतरवून घेण्यासाठी. त्या घरूनच उतरवून नेल्या, तर रेंज नसलेल्या ठिकाणीही मार्ग व्यवस्थित चालतो. मोकळ्या आकाशाखाली चांगल्या मोबाईलची चूक साधारण पाच मीटर असते. अरुंद गल्लीत संकेत भिंतींवर आपटून उशिरा पोहोचतात आणि ही चूक वाढते, तर जाड भिंतींच्या इमारतीत संकेत जवळजवळ पोहोचतच नाहीत.

गोव्यातल्या जागांना हे लावून पाहिले, की पुढचे बरेच निर्णय आपोआप होतात. बासिलिका आणि से कॅथेड्रल यांच्यामधला मोकळा परिसर जीपीएससाठी उत्तम आहे. पणजीच्या फोंतेन्हास या जुन्या वस्तीतल्या गल्ल्या इतक्या जवळजवळ आहेत, की मोबाईल तुम्हाला शेजारच्या गल्लीत उभे करू शकतो. बासिलिकेच्या आत, जांभ्या दगडाच्या भिंतींमागे, जीपीएसवर अजिबात विसंबू नये. आतली माहिती एक तर दाराबाहेरच सांगून टाकावी, किंवा श्रोत्याने यादीतल्या थांब्यावर बोट ठेवून ती ऐकावी. संबंधित व्यवस्थापनाची परवानगी मिळाली तर क्यूआर कोडही लावता येतो. मात्र श्रोत्याला बोटाने सुरू करता येणार नाही असा एकही थांबा ठेवू नये, कारण उपग्रहांनी दगा दिला तर त्याच्या हाती तेवढाच उपाय उरतो.

मार्ग निवडणे

पहिला मार्ग सुमारे एक किलोमीटरचा, आठ ते दहा थांब्यांचा आणि तासाभरात संपणारा असावा. ‘संपूर्ण गोवा’ असा मार्ग करण्याचा मोह टाळावा. तो कधी पुरा होत नाही आणि झाला तरी कोणी शेवटपर्यंत ऐकत नाही.

सुरुवात कुठून करायची, यावर मार्गाचा अर्थ ठरतो. जुन्या गोव्यात बसगाड्या रस्त्याकडून येतात, त्यामुळे बहुतेकांची फेरी बासिलिकेपासून सुरू होते. पण हे शहर नदीकडून पाहायचे होते. नवा पोर्तुगीज व्हाइसरॉय मांडवीतून येई आणि आज ज्याला व्हाइसरॉयची कमान म्हणतात, तिच्याखालून शहरात शिरे. ही कमान वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा याने व्हाइसरॉय असताना पणजोबाच्या स्मरणार्थ उभारली. १९५४ मध्ये तिची पुनर्बांधणी झाली. म्हणून माझ्या मते जुन्या गोव्याचा ध्वनिमार्ग दिवाडी बेटाकडे जाणाऱ्या फेरीबोटीच्या धक्क्यावर सुरू करावा, कमानीखालून चालत सेंट कॅजेटन चर्च, मग १६१९ मध्ये बांधून झालेले से कॅथेड्रल, सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीचे चर्च आणि बासिलिका अशा क्रमाने न्यावा, आणि शेवटचा चढ चढवून सेंट ऑगस्टिनच्या पडक्या मनोऱ्याशी संपवावा. शहराचा उदय आणि ऱ्हास हा क्रम पायांनाच कळतो. निवेदनात तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

पणजीचा मार्ग मळा या भागातील फिनिक्स झरीपासून सुरू करता येतो, कारण फोंतेन्हास हे नावच झऱ्यावरून पडलेले आहे. तिथून सेंट सेबास्टियनचे कपेल, म्हणजे छोटे चर्च, मग मेरी इमॅक्युलेट चर्चच्या नागमोडी पायऱ्या, आणि शेवटी जुन्या सचिवालयाशेजारचा आबे फारिया यांचा पुतळा. १७५६ मध्ये कांदोळीत जन्मलेल्या आणि पॅरिसमध्ये संमोहनविद्येचा पाया घालणाऱ्यांपैकी एक ठरलेल्या या माणसाजवळ मार्ग संपला, की समोर मांडवी असते आणि बसायला जागाही मिळते.

मार्ग कागदावर ठरला, की तो किमान तीन वेळा प्रत्यक्ष चालावा: सकाळी, भर दुपारी आणि संध्याकाळी. कुठे सावली आहे, कुठे दोन मिनिटे उभे राहिल्याने वाहनांना अडथळा होतो, आजी-आजोबांना कुठे टेकता येईल, प्रार्थनेची वेळ कोणती, हे सर्व वहीत टिपावे. फोंतेन्हासबाबत एक गोष्ट आग्रहाने सांगतो. ती राहती वस्ती आहे. माझ्या पहिल्या मसुद्यात मी एक थांबा सुंदर गॅलरी असलेल्या घरासमोर ठेवला होता; चाचणीच्या दिवशी आम्ही सहाजण तिथे उभे असताना घरातल्या आजी बाहेर आल्या आणि ‘कोण हवे आहे?’ असे त्यांनी सौम्यपणे विचारले. त्यांच्या उंबऱ्यावर रोज अनोळखी माणसे थांबवण्याचा अधिकार मला नव्हता. तो थांबा मी त्याच दिवशी गल्लीच्या तोंडाशी हलवला. राहत्या घराच्या दारासमोर थांबा ठेवू नये, हा माझ्यासाठी तेव्हापासून पक्का नियम आहे.

खुणा आणि वर्तुळे

थांबा म्हणजे वास्तू नव्हे. श्रोता जिथे उभा राहून ती वास्तू पाहणार, ती जागा म्हणजे थांबा. हा फरक लक्षात न घेतल्यामुळे अनेक मार्ग फसतात. नकाशावर से कॅथेड्रलच्या छपरावर खूण केली, तर मोबाईल तिथे पोहोचेपर्यंत श्रोता इमारतीत शिरलेला असतो आणि दर्शनी भाग त्याच्या पाठीमागे राहतो. दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ मध्ये कोसळला आणि पुन्हा बांधला गेला नाही, हे वाक्य हिरवळीवर, दर्शनी भागापासून पुरेशा अंतरावर उभे असतानाच ऐकायला हवे, कारण ती मोकळी बाजू तिथूनच दिसते.

म्हणून खूण संगणकावर बसून न करता जागेवर उभे राहून करावी. मोबाईलमध्ये कोणतेही नकाशाचे ॲप उघडावे, आकडे स्थिरावेपर्यंत मिनिटभर थांबावे आणि अक्षांश-रेखांश दशांशचिन्हानंतर पाच आकड्यांपर्यंत उतरवून घ्यावेत. पाचवा आकडा साधारण एक मीटर दाखवतो, चौथा सुमारे अकरा मीटर. म्हणजे चार आकड्यांवर थांबलो, तर रस्त्याची बाजूच बदलू शकते. जुने गोवे अंदाजे १५.५० उत्तर अक्षांश आणि ७३.९१ पूर्व रेखांशावर आहे. काही प्रणालींमध्ये अक्षांश आधी लिहितात, काहींमध्ये रेखांश, त्यामुळे माहिती चढवताना क्रम तपासावा. हे दोन आकडे उलटले, तर तुमची बासिलिका नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात जाऊन पडते.

आता वर्तुळाचा आकार. प्रत्येक थांब्याभोवती आपण एक अदृश्य वर्तुळ आखतो, ज्याला तंत्रज्ञ ‘जिओफेन्स’ म्हणतात. श्रोता त्यात शिरला, की ध्वनिफीत सुरू होते. रमतगमत चालणारा माणूस सेकंदाला साधारण एक मीटर जातो. २५ मीटर त्रिज्येचे वर्तुळ तो न थांबता सरळ चालत गेला, तर साधारण पन्नास सेकंदांत ओलांडतो. मोकळ्या जागी २५ ते ३० मीटर त्रिज्या चांगली. फोंतेन्हासमध्ये मी १५ मीटरपर्यंत खाली आलो आणि त्याबरोबर थांब्यांची संख्याही कमी केली. दोन वर्तुळे एकमेकांना शिवता कामा नयेत; त्यांच्यात निदान १५ मीटरची मोकळी पट्टी असावी, नाहीतर जीपीएसच्या चुकीमुळे आधीच्या थांब्याचे निवेदन मध्येच तुटते.

इथे एक तांत्रिक मर्यादा माहीत असायला हवी. मोबाईल खिशात झोपलेला असताना यंत्रणेच्या अंगभूत जिओफेन्सवर अवलंबून राहायचे असेल, तर अँड्रॉइडसाठी गूगलची शिफारस किमान १०० ते १५० मीटर त्रिज्येची आहे, आणि आयफोनवर एका ॲपला एका वेळी फक्त २० वर्तुळांवर लक्ष ठेवता येते. एवढी मोठी वर्तुळे मोटारीच्या प्रवासाला चालतील, पायी फिरण्याला नाही. त्यामुळे पायी मार्गासाठी असे ॲप निवडावे, जे फेरी सुरू असेपर्यंत जागा सतत वाचत राहते. त्यात बॅटरी जास्त खर्च होते, हे श्रोत्याला आरंभीच सांगावे.

संहिता लिहिणे

सर्वांत जास्त वेळ या टप्प्याला द्यावा. वाचण्यासाठी लिहिलेले मराठी आणि उभ्या माणसाच्या कानात पडणारे मराठी यांत फार अंतर असते. श्रोत्याभोवती वाहने, मुले आणि फोटोसाठी हाका मारणारे नातेवाईक असतात. त्याला मागे जाऊन वाक्य पुन्हा वाचता येत नाही. एका थांब्याला दीड ते दोन मिनिटे पुरेत, म्हणजे सावकाश बोलण्याच्या गतीने साधारण १६० ते २२० शब्द. पहिले वाक्य नेहमी डोळ्यांना दिशा देणारे असावे: कुठे पाहायचे, डावीकडे की उजवीकडे, वर की खाली. इतिहास त्यानंतर. शेवटचे वाक्य पुढची वाट सांगणारे, आणि वाटेत रस्ता ओलांडावा लागत असेल तर तसे स्पष्ट बजावणारे असावे.

सेंट ऑगस्टिनच्या मनोऱ्यासाठी अशी संहिता लिहिता येईल. मनोऱ्याच्या अगदी पायथ्याशी उंचीचा अंदाज येत नाही, म्हणून थांबा थोडा अलीकडे आहे.

‘इथे जरा थांबा आणि समोरच्या मनोऱ्याच्या टोकाकडे पाहा. तो जमिनीपासून ४६ मीटर उंच आहे. तुम्हाला दिसतो आहे तो मनोरा अपुरा आहे. त्याचा पुढचा भाग १९३१ मध्ये कोसळला. हे चर्च १६०२ मध्ये बांधून झाले. १८३५ मध्ये इथले मठवासी गेले, वास्तू ओस पडली आणि सात वर्षांनी तिचे छत खाली आले. आता नजर खाली आणा. समोर भिंतींचे जे बुंधे दिसतात, ते या चर्चचे आणि मठाचे आहेत. या मठाची घंटा मात्र आजही वाजते: ती पणजीच्या मेरी इमॅक्युलेट चर्चच्या माथ्यावर आहे, आणि पणजीत फिरताना तुम्ही ती कदाचित ऐकलीही असेल. पुढे जाताना पायाखाली पाहा, दगड उंचसखल आहेत.’

यात पाच-सहा गोष्टी गाळल्या आहेत, आणि त्या गाळाव्याच लागतात. स्थापत्यशैलीची नावे, धर्मसंघांची परंपरा, प्रत्येक वेदीची माहिती हे सारे ऐच्छिक ‘अधिक ऐका’ फितीत ठेवावे. मुख्य फितीत तेच राहू द्यावे, जे त्या जागी उभे असतानाच समजते.

माहिती पारखून घेण्याची जबाबदारी लिहिणाऱ्याची आहे, कारण आवाजात सांगितलेली चूक छापील चुकीपेक्षा लवकर पसरते. फोंतेन्हासमधल्या ‘रुआ ३१ द जानेरो’, म्हणजे ‘३१ जानेवारी रस्ता’, याचेच पाहा. ही स्पेनपासून पोर्तुगालच्या स्वातंत्र्याची तारीख आहे, असे अनेकजण सांगतात. ते स्वातंत्र्य १ डिसेंबर १६४० चे. ३१ जानेवारी ही पोर्तो शहरात १८९१ मध्ये झालेल्या आणि फसलेल्या प्रजासत्ताकवादी उठावाची तारीख आहे. अशा शंका फेडण्यासाठी पणजीत पाटोवरचे कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, ज्याचे मूळ १८३२ मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक ग्रंथालयात आहे. तिथे घालवलेली एक दुपार आठवडाभराच्या मोबाईलवरच्या शोधापेक्षा अधिक देते, असा माझा अनुभव आहे.

आणखी एक विनंती. गोव्याचा इतिहास मराठीतून सांगताना चर्चची कथा आणि देवळांची कथा वेगळ्या कप्प्यांत ठेवू नयेत. मंगेशीला जाणाऱ्या कुटुंबाला हे कळले पाहिजे, की श्रीमंगेशाचे मूळ स्थान मुरगाव तालुक्यातील कुशस्थळी, म्हणजे आजचे कुठ्ठाळी, हे होते आणि १६ व्या शतकात, सासष्टीतली (मुरगावही तेव्हा तिच्यातच मोडे) देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा, भक्तांनी देव नदीपलीकडे प्रियोळला नेला. म्हार्दोळची म्हाळसा वेर्ण्याहून आली आणि कवळ्याची शांतादुर्गा केळशीहून. हे दुःख आहे आणि ते दुःख म्हणूनच, आवाज न चढवता सांगावे. त्याच वेळी आज त्या चर्चमध्ये प्रार्थना करणारी माणसेही याच मातीतली आहेत, याचे भान शब्दांत राहावे.

ध्वनिमुद्रण आणि चढवणे

महागडे यंत्र नको. कपड्यांनी भरलेल्या कपाटासमोर, पंखा बंद करून, तोंडापासून वीतभर अंतरावर मोबाईल धरून केलेले मुद्रण पुरेसे स्वच्छ येते. पोर्तुगीज नावांचा उच्चार आधी जाणकाराकडून ऐकून घ्यावा. जागेवरचे खरे आवाज, जसे फेरीबोटीचे इंजिन किंवा चर्चची घंटा, वेगळे मुद्रित करून आरंभी चार-पाच सेकंद वापरावेत. निवेदनाखाली सतत संगीत मात्र वाजवू नये, कारण रस्त्याच्या गोंगाटात त्याने शब्द बुडतात. ६४ केबीपीएस दराच्या एकस्वनी (मोनो) एमपीथ्री फितीला मिनिटाला साधारण अर्धा एमबी लागतो. दहा थांब्यांचा वीस मिनिटांचा मजकूर म्हणजे जेमतेम १० एमबी, जो कमी डेटा असलेल्या श्रोत्यालाही उतरवता येतो.

जुनी छायाचित्रे वापरताना हक्क तपासावेत. भारतात छायाचित्रावरील स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूंच्या आवारात तिपाई (ट्रायपॉड) लावून चित्रण करायचे असेल, तर आधी परवानगी घ्यावी लागते. सेवा निवडताना तिच्या भाषांच्या यादीत मराठी आहे का, मार्ग इंटरनेटशिवाय चालतो का, आणि पुढे मजकूर बदलता येतो का, हे तीन प्रश्न विचारावेत. ध्वनिफिती, संहिता आणि अक्षांश-रेखांश यांची स्वतःची प्रत संगणकावर ठेवावी, म्हणजे सेवा बंद झाली तरी काम वाया जात नाही.

चाचणी

मार्ग प्रसिद्ध करण्यापूर्वी तो अशा दोन माणसांना द्यावा, ज्यांनी तो आधी पाहिलेला नाही. शक्यतो एक वयस्कर आणि एक गोव्याबाहेरची. आपण दहा पावले मागून चालावे आणि काहीही सांगू नये. फीत सुरू झाल्यावर त्यांची मान कोणत्या बाजूला वळते, एवढेच पाहावे. चुकीच्या बाजूला वळली, तर संहितेचे पहिले वाक्य बदलावे. फीत सुरू होताना ते वास्तूच्या पुढे निघून गेले असतील, तर खूण मागे घ्यावी. दोन वेगवेगळ्या बनावटीचे मोबाईल वापरावेत. पडदा बंद झाल्यावर आवाज थांबत असेल, तर बहुधा बॅटरी-बचतीच्या सोयीने ॲपला झोपवलेले असते किंवा लोकेशनची परवानगी अपुरी दिलेली असते. दोन्हींची दुरुस्ती कशी करायची, हे पहिल्या थांब्याच्या आधीच्या सूचनेत सोप्या शब्दांत सांगावे. तिथेच आणखी दोन गोष्टी सांगाव्यात: एका कानातच इअरफोन ठेवा, म्हणजे मागून येणारी गाडी ऐकू येईल, आणि चर्च किंवा देवळात शिरताना आवाज बंद करा.

पावसाळ्यात छत्री सांभाळत मोबाईल हाताळणे अवघड जाते, झाडोऱ्याने काही दृश्ये झाकली जातात आणि मनोऱ्याकडे जाणारी वाट निसरडी होते. त्यामुळे पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरमध्ये, संपूर्ण मार्ग वही घेऊन पुन्हा चालावा. कुठे दुरुस्तीचे परांचे उभे राहिले असतील, कुठे वाट वळवली असेल, कुठे नवा फलक लागला असेल. त्या थांब्यांची वाक्ये तेवढी नव्याने मुद्रित करून डिसेंबरची गर्दी सुरू होण्याआधी चढवावीत.